यामाहा आरएक्स 100 ला कुठला स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, फ्रेमला जोडलेला हात)? बजाज पल्सर 150 चा की यामाहा आर15 व्ही2 चा

दिसायला आर15 व्ही2 चा अल्युमिनियमचा आर्म एक नंबर, वजनालाही हलका, पण तो मोनोशॉकचा (मागे एकच शॉक अॅब्सॉर्बर) आहे आणि आरएक्सला मागे दोन शॉक, म्हणजे एकतर फ्रेम कापून मोनोशॉकचं माउंटिंग बनवा नाहीतर आर्मवर शॉकचे कान (शॉक बोल्टने अडकवायच्या पट्ट्या) टिग वेल्डिंगने लावा, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने अल्युमिनियम तिथेच कमजोर पडतं, मला ते अजिबात पटत नाही.
पल्सरचा स्टीलचा, जड, पण शॉकचे कान आधीपासून आहेत.
पिव्होट (आर्म फ्रेमला बोल्टने जोडतात ती जागा) मात्र कुठलाही आर्म घेतला तरी व्हर्नियरने मोजा, लेथवर बुश (त्यात बसणारी धातूची नळी) करून घ्या, आर्म जराही डावीकडे-उजवीकडे हलता कामा नये. मग दोन्ही स्प्रॉकेटवर (चेनच्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्यांवर) दोरा ताणून चेन सरळ येते का बघा, दोन-तीन एमएमचा फरकही चेन खातो.
रोज चालवायची गाडी असेल तर मी पल्सरचाच घेईन.