जांभ्यातला झरा की आपोआप वाहणारी बोअर?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलात कणकुंबीकडच्या पठारांवर जांभा, म्हणजे तांबडा दगड, आहे. तो सच्छिद्र, पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि उतारावर झरा होऊन फुटतो. मागे दाब नसतो. म्हणून पठारावरची झाडी तुटली, चिऱ्यांच्या खाणी वाढल्या, की उन्हाळ्यात तो लवकर आटतो.

स्वयंवाही बोअरला दाब लागतो. दोन घट्ट कातळथरांत भेगाळ खडक कोंडलेला असतो, त्यात पाणी उंचावरून येतं. खोलगटात भोक पडलं, की पंपाशिवाय धार लागते. उन्हाळ्यात भरवसा हिचाच जास्त. पण धार रात्रंदिवस उघडी सोडली तर दाब उतरत जातो; झडप बसवायलाच हवी. तरी मी आधी झरे राखा म्हणेन. गवे त्यांच्यावर जगतात, मलप्रभा नदीही.