आरएनएज घालवणारा स्प्रे: घ्यावा का? बेंचवर वापरून सांगतेय

घ्या, पण कुठे मारायचा हे कळलं नाही तर पैसे पाण्यात. आरएनएज म्हणजे आरएनएचे तुकडे करणारं एन्झाइम, हा स्प्रे बेंचवरचं तेच घालवतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझी तक्रार फक्त नोजलची आहे, दाबला की अर्धा माल ग्लोव्हजवरून मनगटाकडे वाहतो आणि एवढ्या महागाच्या बाटलीला इतकं भिकार नोजल का लावतात देव जाणे.

आरएनएवर काम न केलेल्यांना वाटतं की एवढं काय, ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेत तापवा) की सगळं. नाही हो, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. यातलाच एक प्रकार आरएनएज ए म्हणजे १२४ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, चार डायसल्फाइड बंधांनी असं बांधलेलं की उकळलं तरी थंड झाल्यावर परत घडी घालून कामाला लागतं. या घडीच्याच अभ्यासावर ॲनफिन्सनना १९७२ चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल मिळालं आणि उरलेलं अर्धं मूर आणि स्टाइन यांना, तेही याच एन्झाइमवरच्या कामासाठी, म्हणजे बघा. डीएनए तोडणाऱ्या डीएनएजला मॅग्नेशियमसारखा धातू लागतो त्यामुळे धातू पकडून ठेवणारं ईडीटीए टाकलं की तो गप्प बसतो, आरएनएज ए ला धातू लागतच नाही, ईडीटीए टाका नाहीतर टाकू नका.

म्हणून आमच्याकडे साधी टेस्ट केली. पिपेटचा दांडा, फ्रीजचं हँडल, मोबाइलची स्क्रीन, सगळीकडून ओला स्वॅब फिरवला, तो चांगल्या आरएनएसोबत ३७ डिग्रीला ठेवला आणि जेल चालवली. स्प्रेच्या आधीच्या लेनमधे २८एस आणि १८एसचे बँड (आरएनए शाबूत असल्याची खूण) गायब, खाली नुसता धूर. स्प्रे मारून, पुसून, न्यूक्लिएज-फ्री पाण्याने परत पुसल्यावर घेतलेल्या स्वॅबला दोन्ही बँड शाबूत. पाण्याने पुसायची स्टेप गाळू नका, नाहीतर बेंच साबणासारखा चिकट राहतो. सगळ्यात घाण निघाला मोबाइल, कारण आपल्या कातडीतच आरएनएज ७ तयार होतं, ते जिवाणू मारायला असतं, आपलं संरक्षण करतं आणि आपलंच सॅम्पल खातं.

पण खरा अड्डा वेगळाच आहे. मिनीप्रेपच्या (जिवाणूंतून प्लाझ्मिड डीएनए काढायच्या) पहिल्या बफरमधे आपण स्वतःच मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम आरएनएज ए टाकतो आणि मग तीच पिपेट घेऊन आरएनए काढायला बसतो! पिपेटच्या आत गेलेला एरोसोल बाहेरून स्प्रे मारून जाणार कसा? आरएनएसाठी पिपेटचा सेट वेगळा ठेवा, फिल्टर टिप्स वापरा, प्लाझ्मिडवाल्यांना दुसरा बेंच द्या. एवढं केलं तर बाटली दुप्पट पुरते.

आणि सॅम्पलच्या आत जे आहे त्याला हा स्प्रे काहीच करू शकत नाही. स्वादुपिंडातून आरएनए काढायचा असेल तर टिश्यू लगेच द्रव नायट्रोजनमधे आणि तिथून थेट एन्झाइमची घडी मोडणाऱ्या ग्वानिडिनियम थायोसायनेटमधे, दुसरा मार्ग नाही. गायीच्या स्वादुपिंडात तर हे एन्झाइम भरलेलं असतं, पोटातल्या जिवाणूंचा आरएनए पचवायला लागत असावं असं मानतात.

ज्युनिअर विचारते, ताई, एवढं त्रासदायक तर शरीरात ठेवलंय कशाला. अगं, हे नसेल तर जास्त वांधे. आरएनएज एच२ हा आणखी एक प्रकार, तो बनवणाऱ्या जीन्समधे बिघाड झाला तर आयकार्डी-गूतिएर सिंड्रोम होतो, बाळाचं शरीर व्हायरस घुसल्यासारखं इंटरफेरॉन (धोक्याचा इशारा देणारी प्रोटीन) काढत बसतं आणि मेंदूचं नुकसान होतं. अँजिओजेनिन हे प्रोटीन पण याच आरएनएज ए च्या खानदानातलं, त्यातले काही बदल एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटमधे सापडलेत. रक्तात तर आरएनएज असतातच, म्हणून एमआरएनए लस नुसती टोचता येत नाही, चरबीच्या कणांमधे लपवून द्यावी लागते. आपल्या पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए कोविड लशीला २०२२ मधे तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, तिच्यातही आरएनएला लिपिड कणांचा आधार लागतो.

काहीजण म्हणतात स्प्रे कशाला, आरएनएज इन्हिबिटर टाका की. तो रिॲक्शनमधे टाकायचा, बेंचवर नाही, आणि तो आरएनएज ए च्या कुटुंबालाच पकडतो, आरएनएज टी१ किंवा एच अशा दुसऱ्या प्रकारांना हात लावत नाही. आरएनएज निकामी करणारं डीईपीसी हे केमिकल स्वस्त आहे पण पाण्यासाठी, ०.१ टक्का रात्रभर आणि मग ऑटोक्लेव्ह, ट्रिस बफरमधे मात्र अजिबात नको कारण ट्रिसच त्याला खाऊन टाकतं.

माझ्याकडून चार स्टार. बेंच, पिपेटचं बाहेरचं अंग, सेंट्रिफ्यूजचं झाकण, ग्लोव्हज यांच्यासाठी मस्त. काचेच्या भांड्यांवर वाया घालवू नका, ती ओव्हनमधे चांगली तापवून निघतात. जेल टँकला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं भरून ठेवा, मग न्यूक्लिएज-फ्री पाण्याने नीट खंगाळा, मेडिकलमधे मिळतं आणि खर्च जवळपास काहीच नाही.