स्टाफ बसला लावलेला अल्कोहोल इंटरलॉक: बसमालकिणीचं मत

अल्कोहोल इंटरलॉक म्हणजे ड्रायव्हरच्या श्वासात दारू सापडली तर गाडी चालूच होऊ न देणारं यंत्र. बसमालकांनी ते जरूर घ्यावं. फक्त फिटिंग आणि कॅलिब्रेशन (यंत्राचा आकडा बरोबर येतो का ते तपासून जुळवणं) यांची बोलणी आधी कागदावर पक्की करावीत.

आमच्या स्टाफ बस कोपरखैरण्याहून सुटतात, महापे आणि ऐरोलीच्या कंपन्यांसाठी. पहिली शिफ्ट सहाची, म्हणजे ड्रायव्हर पहाटे पाचच्या आत स्टिअरिंगवर. डॅशबोर्डखाली एक डबा असतो आणि वायरला जोडलेला हातात मावेल एवढा हँडसेट. चावी फिरवली की हँडसेट तपासणी मागतो. आधी फुंकायचं, मग लगेच हवा आत ओढायची. फुग्यातली हवा सोडून यंत्राला फसवता येऊ नये म्हणून ही पद्धत. पास झालं तरच सेल्फ लागतो.

मला हे यंत्र कळलं भाच्यामुळे. कॅलिफोर्नियात तो दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला आणि कोर्टात दोषी ठरला. तिथल्या राज्यभर १ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा लागू आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर वर्षभर हे यंत्र गाडीत ठेवावं लागतं, तिसऱ्यांदा दोन वर्षं आणि त्यापुढे तीन. पहिल्या वेळी कोणी जखमी झालं नसेल, तर सहा महिने यंत्र लावून कुठेही गाडी चालवता येते, नाहीतर वर्षभर कामापुरतं मर्यादित लायसन्स घ्यायचं. भाच्याने यंत्र निवडलं. खर्च त्याच्याच खिशातून, आणि दर साठ दिवसांच्या आत गाडी सेंटरवर नेऊन यंत्र तपासून घेणंही त्याच्याच अंगावर. अमेरिकेतल्याच न्यू मेक्सिको राज्याने तर २००५ मध्येच पहिल्या गुन्ह्यालाही ही सक्ती केली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. त्या कलमात गाडीत बसवायच्या अशा यंत्राचा उल्लेखच नाही. शिक्षा भोगून, दंड भरून माणूस परत त्याच गाडीत बसतो आणि गाडी नेहमीसारखी चालू होते. मला हे फार खटकतं. म्हणून कोर्टाची वाट न बघता मी गाड्यांना यंत्र लावून घेतलं.

खरी भीती पहाटेची. नाकाबंदी लागते रात्री, गटारीला, थर्टी फर्स्टला. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने दारू उतरवतं. रात्री एक वाजता कुणाचं रक्त १२० वर असेल, तर पाच वाजता ते ६० च्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. मधल्या वेळात तो झोपलेला असतो, अंघोळ झालेली असते, चहा घेतलेला असतो, लवंग चघळलेली असते. अंघोळ, चहा, लवंग यांनी रक्तातली दारू जराही लवकर उतरत नाही. त्याला स्वतःला मनापासून वाटत असतं की आपण शुद्धीवर आहोत. अशा माणसामागे बत्तीस जण झोपाळलेल्या डोळ्यांनी बसलेले असतात.

पूर्वी आमचा सुपरवायझर पहाटे प्रत्येकाच्या तोंडाचा वास घ्यायचा. वयाने मोठ्या माणसाला ‘तोंड उघडा’ म्हणणं मला कधीच पटलं नाही. आमच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरना सगळे मामा म्हणतात. यंत्र बसलं तेव्हा ते दुखावले. म्हणाले, “वहिनी, इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कधी तक्रार आली का?” मी म्हटलं, “नाही आली मामा, आणि म्हणूनच ते सगळ्यांना सारखं लावलंय. माझे मिस्टर गाडी काढतात तेव्हा त्यांनाही फुंकावं लागतं.” आता नवीन पोरांना मामाच शिकवतात.

ड्रायव्हरांचे प्रश्न रास्त होते. चालत्या गाडीत ते पुन्हा फुंकायला सांगतं, तेव्हा नापास झालं तर इंजिन बंद पडेल का? नाही. यंत्र स्टार्टरच्या सर्किटवर आहे, चालू इंजिनला ते हात लावत नाही. भोंगा वाजतो आणि नोंद होते. धक्का मारून चालू केली तर? तपासणीविना इंजिन चालल्याची नोंदही होते.

खोटा पॉझिटिव्ह मात्र येतो. माउथवॉश, खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब यांतलं अल्कोहोल तोंडात रेंगाळतं. केरळच्या पंदळम डेपोत २०२५ मध्ये पिकलेला फणस खाऊन बसचे ड्रायव्हर नापास ठरले होते. कोकणातल्या माणसांना हे आधीच सांगा. चूळ भरून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. तोंडातलं असेल तर आकडा खाली येतो. पिकअपच्या आधी तेवढा वेळ धरूनच ड्रायव्हरला बोलवा. फुंकायची नळी प्रत्येकाची वेगळी ठेवा.

घेताना फ्यूएल सेल सेन्सरचंच घ्या. स्वस्तातला सेमीकंडक्टर सेन्सर अल्कोहोल सोडून इतर वाफांनाही दाद देतो, आणि दोनदा उगाच नापास झालेला ड्रायव्हर यंत्रावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

फिटिंगवर मी नाराज आहे. तुर्भ्याच्या ज्या गॅरेजात काम केलं, तिथल्या पोराने जोड नुसते टेपने गुंडाळले होते. पहिल्याच पावसात एका गाडीला ओल लागली आणि सगळं पुन्हा करून घ्यावं लागलं. जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवायला लावा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी स्वतः वाकून बघा. हँडसेटची वायर आखूड आहे, उंच सीटवरच्या माणसाला झुकावं लागतं. सूचना हिंदी आणि इंग्रजीत बोलतात. मराठी आवाज हवा, असं मी कळवलंय.

किंमत छोटी नाही, एका बसच्या सगळ्या टायरपेक्षा थोडी कमी. त्यात कॅलिब्रेशन धरलेलं नसतं. ते कोण करणार, किती दिवसांनी, गाडी तुर्भ्याला न्यायची की माणूस आपल्या यार्डात येणार, हे बिलावर लिहून घ्या. आमच्याकडे माणूस रविवारी येतो, कारण इतर दिवशी गाडी उभी ठेवणं परवडत नाही.