फाइली जागेवरच होत्या, पैसे मात्र गेले

विंडोज ११ टाकून घेतल्यावर जुने फोल्डर उघडत नसतील आणि दुकानदार ‘डेटा करप्ट झालाय, रिकव्हरी करावी लागेल’ म्हणत असेल, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. या एका वाक्यापायी माझे साडेपाच हजार गेले. लायसनच्या नावाखाली गेले ते वेगळेच, आणि ग्राफिक कार्डाच्या नावाने आणखी जाता जाता राहिले.

मिरजेत माझा डीटीपीचा छोटा धंदा आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार म्हणून तेव्हा सगळीकडे बोंब चालली होती. दुकानदार म्हणाला, “दादा, चौदा तारखेनंतर मशीन चालूच होणार नाही.” हे धादांत खोटं. मशीन चालत राहतं, फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. आणि घरगुती वापरासाठी तेही नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली होती. पण दिवाळी तोंडावर, तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची झुंबड उडणार. त्याआधी काम उरकून घ्यावं म्हणून मशीन दुकानात दिलं. नवी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, घातली, विंडोज ११ टाकलं, जुनी हार्डडिस्क दुसरी ड्राइव्ह म्हणून आतच ठेवली. एसएसडीचे पैसे रास्त होते, तिथे तक्रार नाही. मशीन खरोखरच पळायला लागलं.

घरी येऊन जुन्या डिस्कवरचं माझ्या नावाचं फोल्डर उघडलं, तर चौकट आली: ‘यू डोन्ट करंटली हॅव परमिशन टु ॲक्सेस धिस फोल्डर’. खाली कंटिन्यू आणि कॅन्सल. कंटिन्यू दाबलं की ‘ॲडमिन’ नावाच्या खात्याचा पासवर्ड मागायचा. तो पासवर्ड मला कुणी दिलेलाच नव्हता. दहा वर्षांच्या पत्रिकांच्या डिझाइन्स, पतसंस्थांचे तक्ते, सगळं त्यात. दुकानात फोन केला. “अपग्रेडमध्ये जुनी डिस्क करप्ट झाली दिसते. लॅबला पाठवावी लागेल.” अडला हरी गाढवाचे पाय धरी. दोन दिवसांनी डिस्क परत आली, डेस्कटॉपवर ‘रिकव्हरी’ नावाचं फोल्डर आणि हातात साडेपाच हजारांचं बिल.

ते फोल्डर जरा बारकाईने बघा म्हणजे गंमत कळेल. प्रत्येक फाइलीचं नाव जसंच्या तसं. ‘कुलकर्णी पत्रिका फायनल’, ‘कुलकर्णी पत्रिका फायनल २’, ‘कुलकर्णी पत्रिका खरंच फायनल’. फोल्डरात फोल्डर तसेच, बदलाच्या तारखाही जुन्याच. खरोखर मोडलेल्या डिस्कमधून फाइली खरवडून काढाव्या लागतात तेव्हा बऱ्याचदा नावं जातात, नुसते आकडे उरतात, निम्म्या फाइली उघडत नाहीत. इथे मात्र एकही फाइल बिघडलेली नाही. लॅबचा अहवाल मागितला तर म्हणे तो मिळत नसतो.

लग्नसराई सुरू झाली आणि दुसरं झेंगट लागलं. पत्रिका बनवायचं कोरलड्रॉ उघडावं तर खाली टास्कबारवर त्याचं चिन्ह दिसतं, त्यावर माउस नेला की छोटी चौकटही दिसते, पण पडद्यावर खिडकी नाही. कधी प्रिंटची चौकट गायब, कधी फॉन्टची. पुन्हा फोन. न बघताच निदान: “ग्राफिक गेलंय. कार्ड बसवू, चार हजार आठशे.”

त्या रविवारी भाची घरी आली होती. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, “मामा, ग्राफिक गेलं असतं तर हा बाकीचा पडदा कसा दिसतोय?” मग तिने माझ्या टेबलाच्या कडेला बंद पडून असलेल्या जुन्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. त्याची केबल मशीनला लावलेलीच होती. नव्याने टाकलेल्या विंडोजने तो जोडलेला आहे असं धरून पडदा दोन्हींवर पसरवला होता, आणि माझ्या खिडक्या त्या बंद मॉनिटरवर जाऊन बसत होत्या. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं, यादीतलं ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलं, सगळ्या खिडक्या घरी परत. केबल काढून टाकली असती तरी चाललं असतं. दुसरा मॉनिटर नसतानाही एखादी खिडकी पडद्याबाहेर अडकली, तर टास्कबारवर ती निवडायची, अल्ट आणि स्पेसबार दाबायचा, मग एम, मग कुठलाही बाण एकदा. माउस हलवला की खिडकी त्याला चिकटून येते. चार हजार आठशे वाचले.

माझ्या डोक्यात मात्र साडेपाच हजारांचा किडा वळवळला. भाचीने जुनी डिस्क काढून तिच्या लॅपटॉपला जोडली. तीच परवानगीची चौकट. तिने कंटिन्यू दाबलं. वरच्या पट्टीत हिरवी रेघ हळूहळू सरकली आणि फोल्डर उघडलं. बस्स. ही ती लॅब.

झालं होतं ते असं. विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो आणि फाइलींची मालकी त्या क्रमांकावर लागते. नव्याने विंडोज टाकलं की खात्याचं नाव तेच दिलं तरी क्रमांक नवा. जुन्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात सिक्युरिटी हा टॅब उघडा. तिथे नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा आकड्यांचा मारुतीच्या शेपटासारखा क्रमांक दिसला, तर तो तुमचाच जुना अवतार आहे. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ओनरसमोरचं चेंज दाबायचं, आपलं आत्ताचं नाव द्यायचं, खालच्या फोल्डरांनाही लागू करा अशी खूण करायची. फक्त ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. आणि नेमके तेच दुकानदाराने स्वतःकडे ठेवून मला साधं खातं काढून दिलं होतं. मला याचीच सगळ्यात जास्त चीड आली. माझ्या पैशांचं मशीन, किल्ली त्याच्या खिशात.

एक सांगून ठेवतो, हा उपाय फक्त आपल्या फाइलींच्या फोल्डरवर करायचा. अख्ख्या सी ड्राइव्हची किंवा विंडोज फोल्डरची मालकी बदलायला गेलात तर खरंच मशीन बसेल. आणि मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत असेल तर ते प्रकरण परवानगीचं नाही, बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचं आहे. तिथे मालकी बदलून काही होत नाही. ती की बहुतेकदा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तिथे बघायची.

मग लायसनही तपासलं. माझं मशीन ब्रँडेड, त्यात मूळचं अस्सल विंडोज १०, प्रोसेसर आठव्या पिढीचा. अशा मशीनला विंडोज ११ फुकट मिळतं, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधूनच, आणि तसं घेतलं तर फाइली-प्रोग्रॅम जागेवर राहतात. मदरबोर्ड तोच असल्याने नव्या एसएसडीवरही ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. माझ्या बिलात ‘विंडोज ११ प्रो लाइफटाइम, ४,२००’. भाचीने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर एसएलएमजीआर, जागा सोडून तिरकी रेघ आणि एक्सपीआर असं टाइप केलं. छोट्या चौकटीत मुदत संपण्याची तारीख आली. हे मोठ्या कार्यालयांसाठीचं ॲक्टिव्हेशन, १८० दिवसांचं. खरं कायमचं असेल तर तिथे ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ असं येतं.

बिलं घेऊन दुकानात गेलो. आधी आवाज चढवला, मग “दादा, कामावरच्या मुलाने केलं असेल.” १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातो म्हटल्यावर ॲडमिनचा पासवर्ड लगेच मिळाला, लायसनचे पैसेही परत आले. रिकव्हरीच्या बिलावर मात्र तो अडून बसलाय. म्हणतो, मेहनत केली. तक्रार नोंदवली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, हे त्यालाही कळवलं आहे. ‘रिकव्हरी’ फोल्डर आणि जुनी डिस्क दोन्ही जशीच्या तशी ठेवली आहेत. सुनावणीत कंटिन्यूचं बटण दाबून दाखवायला लागेल.