स्पॅनिश शिकायला आंतिग्वा की शेला?

ग्वातेमालात राहून स्पॅनिश शिकायचं ठरलं, की गाव निवडायचं उरतं. आंतिग्वा (कॅरिबियन बेट नव्हे, ग्वातेमालाची जुनी राजधानी) की केत्साल्तेनांगो, ज्याला तिथली माणसं शेला म्हणतात? एका विद्यार्थ्याला एक शिक्षक आणि मुक्काम एखाद्या कुटुंबात, ही सोय दोन्हीकडे आहे. फरक कळतो तो वर्गातून बाहेर पडल्यावर.

आंतिग्वा राजधानीपासून जेमतेम 40 किलोमीटर. उंची सुमारे 1,530 मीटर, कळसूबाईहून थोडी कमी. हवा बारा महिने सुखाची. 1773 च्या भूकंपानंतर राजधानी इथून हलली आणि मागे राहिलेले पडके चर्च-मठ आज गावाला पोसतात. 1979 पासून हा जागतिक वारसा आहे. पोट पर्यटकांवर, त्यामुळे चौकाजवळ तुम्ही स्पॅनिशमध्ये अडखळलात की समोरचा इंग्रजीवर येतो. राहणं-खाणंही शेलापेक्षा महाग.

शेला राजधानीपासून बसने चार-पाच तास आत, सुमारे 2,330 मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याजवळ जातो आणि घरं गरम ठेवायची सोय सहसा नसते. स्वेटर, कानटोपी न्याच. पण हे गाव पाहुण्यांवर जगत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅसिफिककडे उतरणाऱ्या डोंगरउतारांवर कॉफीचे मळे वाढले, जर्मन मळेवाले आले, आणि त्या पैशाचा थाट मध्यवर्ती चौकातल्या इमारतींवर अजून दिसतो. 1902 मध्ये सांता मारिया ज्वालामुखीने हा पट्टा राखेखाली गाडला. 1930 मध्ये आलेली विजेवरची रेल्वे 1933 च्या पुरात गेली. तरी आजूबाजूच्या डोंगराळ मुलखाची बाजारपेठ शेलाच राहिली. शेजारच्या आल्मोलोंगातली गाजरं, कोबी, मुळे ट्रक भरभरून मेक्सिको आणि एल साल्वादोरला जातात. मंडईत किचे ही माया लोकांची भाषा कानावर पडते, विद्यापीठामुळे गावात तरुणांची वर्दळ असते, आणि भाजी घ्यायची तर स्पॅनिश बोलावंच लागतं.

म्हणून महिनाभर किंवा जास्त वेळ असेल, तर मी शेलाच सुचवेन. दोनच आठवडे असतील, किंवा उंचीवर दम लागत असेल, तर आंतिग्वा. ज्वालामुखीच्या भीतीने मात्र निवड करू नका: शेलाजवळचा सांतियागितो 1922 पासून धुमसतोय, आणि आंतिग्वाजवळच्या फुएगोने जून 2018 मध्ये गावं गाडली.