रिसॉर्टचा कोड विचारला होता, तरी सही केली

आकडा आधी सांगतो, म्हणजे पुढचं कोणी हलक्यात घेणार नाही. २,२५,१८० रुपये. हे गेले एका टाइमशेअर क्लबात, म्हणजे आगाऊ पैसे भरून दरवर्षी रिसॉर्टमध्ये एक आठवडा राहण्याचा हक्क देणाऱ्या क्लबात. त्यात सभासदत्वाचे १,६५,०००, दोन वर्षांच्या मेंटेनन्सचे २२,४२०, ‘एक्स्चेंज नोंदणी’चे १४,१६० आणि शेवटचे २३,६००. हे शेवटचे तर मी सगळं कळून चुकल्यावर घालवले. तीस वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. एका रुपयाचा फरक निघाला तरी व्हाउचर परत पाठवायचो. मुलाला यातलं अर्धंच माहीत आहे आणि मेहुण्यांना काहीच माहीत नाही. पण ओळखीच्या दोन जोडप्यांना मला आला होता तसाच फोन आल्याचं कळलं तेव्हा गप्प राहणं जमेना.

सुरुवात पेट्रोल पंपावरच्या कूपनने झाली. नाव, मोबाइल, ‘विवाहित आहात का’ एवढंच भरायचं होतं. आठवड्याने फोन आला, ‘लकी कपल’ म्हणून निवड झाली, दोघांनी मिळून यायचं, नव्वद मिनिटांचा कार्यक्रम, भेट नक्की. पुढचं तुम्हाला पाठ असेल. हायवेवरच्या हॉटेलचा हॉल, कर्कश गाणी, गोल टेबलं, कुठल्या टेबलावर सही झाली की घंटा आणि टाळ्या. तारीख १२ फेब्रुवारी २०२३, रविवार. भेटीच्या लोभाने गेलो असं कुणी समजू नये. मी गेलो तो टाइमशेअर घ्यायचं असं मनात धरूनच गेलो होतो.

त्याला कारण मॉरिशस. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यातलं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं ऊसमळ्यांवर मजुरीला मॉरिशसला गेली, त्यांची पुढची पिढी आजही तिथे घरोघरी गणपती बसवते, गणेश चतुर्थीनिमित्त तिथे सरकारी सुट्टी असते. बायकोने हे कुठेतरी वाचलं तेव्हापासून तिच्या मनात होतं की एक गणपती तिकडचा बघायचा. २०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. सप्टेंबरमध्ये तिथे हवा कोरडी आणि थंडसर असते, वादळांचा काळ नोव्हेंबरनंतरचा. तिकिटांचे पैसे बाजूला होते. प्रश्न होता सात रात्री राहण्याचा, आणि क्लबातला आपला आठवडा देऊन त्या बदल्यात तिथल्या रिसॉर्टमधला आठवडा घेतला, तर ही अदलाबदल परवडेल असा माझा हिशोब होता.

हिशोब मी घरी बसून नीट केला होता. अशी अदलाबदल करून देणारी दोन मोठी नेटवर्कं आहेत, म्हणून वहीत दोन रकाने आखले. एकात आरसीआय, दुसऱ्यात इंटरव्हल इंटरनॅशनल. पहिली संस्था १९७४ ची, दुसरी १९७६ ची, दोन्ही अमेरिकेतल्या. आरसीआयकडे रिसॉर्ट जास्त. तिथे आपला आठवडा आधी जमा करायचा, मग हंगाम, खोलीचा आकार, मागणी आणि किती महिने आधी जमा केला यावरून त्याची किंमत ठरते. इंटरव्हलमध्ये आपला आठवडा हातात ठेवूनही मागणी नोंदवता येते. जास्त मागणीच्या हंगामापासून कमी मागणीच्या हंगामापर्यंत आरसीआयचे रंग लाल, पांढरा, निळा, तर इंटरव्हलचे लाल, पिवळा, हिरवा. दोन्हीकडे वार्षिक वर्गणी वेगळी आणि प्रत्येक अदलाबदलीची फी वेगळी. बेटांवरच्या बऱ्याच रिसॉर्टमध्ये जेवणाचं पॅकेज सक्तीचं असतं, माणशी दररोजचं, आणि ते अदलाबदलीत धरलेलं नसतं. सवा पान भरलं होतं.

त्या टेबलावरच्या तीस-बत्तिशीच्या मुलाला मी हे सगळं विचारलं आणि त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली! महाबळेश्वरचा पावसाळ्यातला स्टुडिओ देऊन डिसेंबरातला समुद्रकिनारा मिळत नाही, हे मी विचारायच्या आधी त्यानेच सांगितलं. “सर, खोटं कशाला बोलू, निळ्या आठवड्यावर लाल आठवडा अवघडच जातो. पण सप्टेंबर तिथे गर्दीचा नाही, तुमचं काम होईल.” त्याच्या ब्रोशरवर दोन्ही नेटवर्कची बोधचिन्हं छापलेली होती. “आपलं दोन्हींशी टायअप आहे, तुम्ही हवं ते निवडा.” मी खुशीत वही पुढे सरकवली. कुठलं नेटवर्क चांगलं यावर आम्ही वीस मिनिटं बोललो. नेटवर्कबद्दल खरं बोलणारा माणूस स्वतःच्या क्लबबद्दलही खरंच बोलत असणार, असं मी धरून चाललो. हा एक समज मला सगळ्यात महाग पडला.

आणि मग तो क्षण. तो मी किती वेळा मनात परत परत बघितला असेल याला गणती नाही. नेटवर्कमध्ये सामील असलेल्या प्रत्येक रिसॉर्टला त्या नेटवर्कचा स्वतःचा सांकेतिक कोड असतो, हे मी वाचलं होतं. मी विचारलं, “तुमच्या रिसॉर्टचा कोड काय?” त्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. म्हणाला, “सर, तो वेलकम किटमध्ये येतो.”

कोड ही काही सभासदाला मिळणारी वस्तू नव्हे, तो रिसॉर्टचा असतो. मी सभासद होवो न होवो, तो असलाच पाहिजे. मोबाइल माझ्या खिशात होता. नेटवर्कच्या यादीत त्या रिसॉर्टचं नाव शोधायला दोन मिनिटं लागली नसती. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर घंटा वाजली, टाळ्या झाल्या, त्याचा मॅनेजर येऊन बसला आणि म्हणाला, “२,४५,००० चं पॅकेज आहे, आज निर्णय घेतलात तर १,६५,०००, उद्या हा भाव नाही.” मी वहीत ‘कोड?’ असं लिहिलं, पुढे त्याचं उत्तर लिहिलं, आणि वही मिटली.

लोक म्हणतील, मग उठला का नाहीत? सकाळी अकराला गेलेलो आम्ही सव्वातीनपर्यंत तिथे होतो. चहा-बिस्किटांपलीकडे पोटात काही नव्हतं. बायकोला मधुमेह आहे, तिचा चेहरा उतरला होता. चार तास सतत कोणीतरी गोड बोलत असतं, आपण नाही म्हटलं तर त्या पोराची मेहनत वाया जाईल असं वाटायला लागतं. करार घरी नेऊन वाचतो म्हटलं तर “सर, विश्वास नाही का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. नाही, विश्वास नाही. हे म्हणायला शिका आणि जेवून जा, नाहीतर जाऊच नका.

५०,००० कार्डावर स्वाइप केले, १,१५,००० चा चेक दिला. करार आठवड्याने कुरियरने आला. अकराव्या पानावर बारीक अक्षरात होतं की अदलाबदलीची सोय ‘त्रयस्थ संस्थेमार्फत, उपलब्धतेनुसार, संलग्नतेच्या अधीन’ आहे. किटमध्ये डिनर सेटचं कूपन होतं, कोड नव्हता. फोन केला तर “प्रोसेसमध्ये आहे.” मीही मग स्वतःची समजूत काढली. माणूस पैसे भरल्यावर आपणच त्या कंपनीची वकिली करायला लागतो. दोन वर्षं दरसाल ९,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,२१०, मी वेळेवर भरत राहिलो.

जानेवारी २०२४ मध्ये सप्टेंबरची मागणी नोंदवली. उत्तर आलं की एक्स्चेंजसाठी आधी नोंदणी लागेल, १२,००० अधिक जीएसटी. भरले. मार्च गेला, एप्रिल गेला. बायकोने तिकडच्या एखाद्या मराठी घरी द्यायला म्हणून पितळेचा मोदकाचा साचा घेऊन ठेवला होता. जूनमध्ये मी नेटवर्कच्या कार्यालयाला थेट फोन लावला, जो मला फेब्रुवारी २०२३ मध्येच लावायला हवा होता. पलीकडच्या मुलीने रिसॉर्टचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि सांगितलं की हे नाव आमच्या यादीत नाही. दुसऱ्या नेटवर्कचंही तेच उत्तर. सामील रिसॉर्टची मालकी किंवा सभासदत्व असल्याशिवाय तिथे नाव नोंदवताच येत नाही. म्हणजे माझे १४,१६० कुठल्याही नेटवर्ककडे गेलेच नव्हते. दोन नेटवर्कमध्ये कोणतं बरं, यासाठी मी सवा पान भरलं, आणि ज्या क्लबाचा सभासद झालो तो दोन्हींत नव्हता.

तुलना करायची असेल तर उलट्या क्रमाने करा. आधी रिसॉर्टचं नाव, मग नेटवर्कच्या स्वतःच्या यादीत ते आहे का, मग नेटवर्कला फोन करून हा विक्रेता आणि हे रिसॉर्ट आज सामील आहे का. बाकी रंग, फी, किंमत हे नंतर. ब्रोशरवरचं चिन्ह कोणताही छापखाना छापून देतो.

आता दुसऱ्यांदा फसलो ते. नोव्हेंबर २०२४ मध्ये फोन आला की तुमचं सभासदत्व विकून देतो, हैदराबादचं गिऱ्हाईक तयार आहे, २,१०,००० देतंय. त्या माणसाला माझा सभासद क्रमांक माहीत होता, मी भरलेली रक्कम माहीत होती, मॉरिशसचंही माहीत होतं. एवढी माहिती बाहेरच्याला कशी असेल, म्हणून मला तो खरा वाटला. खरं तर एवढी माहिती होती म्हणूनच तो कुठून आला हे कळायला हवं होतं. हस्तांतरणाची फी २०,००० अधिक जीएसटी, २३,६००, व्यवहार होताच परत. यूपीआयने पाठवले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. आपल्याला पैसे देणारा माणूस आधी आपल्याकडेच पैसे मागत असेल तर तिथेच फोन ठेवायचा. आणि गेलेच, तर त्याच तासाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी लाजेने तीन दिवस बायकोलासुद्धा सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले.

मग दारोदार फिरणं सुरू झालं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, “तुम्ही सही केली आहे ना? मग हे दिवाणी प्रकरण.” मी म्हटलं, नसलेलं टायअप दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? “वकील बघा.” २३,६०० साठी सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी व्यवहाराची प्रिंट मागितली, दिली. बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट मागितलं, दिलं. तिसऱ्या खेपेला ते साहेब रजेवर. चौथ्या खेपेला समोरचा म्हणाला, “काका, इथे चाळीस-चाळीस लाखांची प्रकरणं पडून आहेत.” माझे २३,६०० म्हणजे माझ्या पेन्शनीच्या कितीतरी महिन्यांचे आहेत, हे त्यांना कोण सांगणार? बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. कार्डाच्या ५०,००० बद्दल विचारलं तर तक्रारीची मुदत कधीच संपली. कंपनीने लेखी उत्तर दिलं ते एका ओळीचं होतं, करारानुसार रक्कम परत मिळत नाही. ते उत्तर जोडून माझी ऑनलाइन तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद करण्यात आली. कुणाच्या बाजूने निकाली? एकाही माणसाने तो करार उघडून अकरावं पान वाचलं नाही. जो तो मला पुढच्या खिडकीकडे पाठवत होता आणि प्रत्येक खिडकीवर मीच गुन्हेगार असल्यासारखा उभा होतो. साठीच्या माणसाला ‘एवढं शिकलेले आणि कसे फसलात’ हे चार ठिकाणी ऐकवलं गेलं. फसवणाऱ्याला हा प्रश्न एकदाही कुणी विचारला नाही.

युरोपात २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला करार मोडायला चौदा दिवस मिळतात आणि त्या मुदतीत विक्रेत्याला आगाऊ पैसे घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, म्हणून तो मॅनेजर ‘आजच’ म्हणू शकतो. मला चौदा दिवस नव्हे, एक रात्र मिळाली असती तरी कोडची गोष्ट मी बघितली असती.

शेवटी ओळखीच्या एका वकिलीणबाईंनी मार्ग दाखवला. करारात वादाचं ठिकाण दिल्ली लिहिलं होतं, त्याने मी खचलो होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो, कंपनीने काहीही लिहून घेतलेलं असो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणून ‘प्रोसेसमध्ये आहे’ ऐकत बसू नका, प्रत्येक फोननंतर एक ईमेल टाका. माझ्याकडे फोनचे पुरावे नव्हते. तोंडी आश्वासनांचे तर कोणाकडेच नसतात.

जानेवारी २०२५ मध्ये तक्रार दाखल केली. पहिली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ म्हणून परत आली. दुसरी आता संचालकांच्या घरच्या पत्त्यावर पाठवली आहे. बाईंनी विचारलं, त्या दिवसाचं तुमच्याकडे लेखी काय आहे? मी वही दाखवली. दोन रकाने, रंग, फी, आणि सगळ्यात खाली माझ्याच अक्षरात, १२ फेब्रुवारीची तारीख घालून लिहिलेलं, ‘कोड? — किटमध्ये येईल असं म्हणाला.’ त्या पानाची साक्षांकित प्रत तक्रारीला जोडली आहे.