स्टीम डेक ओएलईडी: लोकलच्या पाऊण तासात मावलेले गेम

आधी निकाल सांगते, मग कारणं. स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा हातात धरून खेळायचा, म्हणजे हँडहेल्ड, गेमिंग कॉम्प्युटर. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्याचं पॉवरचं बटण. एकदा दाबलं की गेम आहे त्या जागी थांबतो, पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तिथूनच पुढे सुरू. सेव्ह पॉइंट गाठायची धडपड नको, लोडिंगची वाट पाहणं नको. स्क्रीन देखणी आहे, चिपमध्ये दमही आहे, त्याबद्दल लिहितेच. पण नोकरी, घर आणि प्रवास यांतून ज्यांच्या हाती सलग दोन तास कधी लागतच नाहीत, त्यांनी हँडहेल्ड घेताना हे बटण कसं चालतं ते आधी पाहावं.

माझं घर पुण्यात शिवाजीनगरला, ऑफिस तळेगावच्या एमआयडीसीत, आणि अप-डाउन लोणावळा लोकलने. जाताना साधारण पाऊण तास, येताना तेवढाच. कॉलेजात असताना मी कॉम्प्युटरवर भरपूर खेळायचे. पुढे नोकरी, लग्न, मुलगा. आवड तशीच राहिली, पण वेळेचे तुकडे पडले. हॉलमधला टीव्ही घरातल्या सगळ्यांचा, आणि टेबलाशी बसायचं म्हटलं तर रात्री अकरानंतर. मोबाईलवरचे गेम करून पाहिले, पण दर दोन मिनिटांनी जाहिरात नाहीतर पैसे मागणारी पाटी. मला पुरते गेम हवे होते, गोष्ट असलेले, शेवट असलेले.

समोर तीन पर्याय होते. निन्टेंडो स्विच हलका, आणि गेमची कार्ट्रिज खेळून झाली की विकून टाकता येते, हा मोठा फायदा. पण निन्टेंडो भारतात अधिकृत विक्री करत नाही आणि त्यांच्या ऑनलाइन दुकानात भारताचा विभागच नाही. डिजिटल गेम घ्यायचे तर दुसऱ्या देशाचं खातं काढा, गिफ्ट कार्ड शोधा. असूसचा आरओजी अलाय इथे रीतसर मिळतो, वॉरंटीसकट, आणि त्यात विंडोज असल्यामुळे पीसीवरचं जवळपास सगळं चालतं. सर्व्हिस सेंटर हाताशी हवंच असेल तर तोच घ्यावा, असं मी स्पष्ट सांगेन. मी डेककडे वळले त्याची दोन कारणं. एक तर त्याची स्टीमओएस ही सिस्टीम विंडोजऐवजी लिनक्सवर उभी आहे आणि हँडहेल्डसाठीच बांधलेली आहे, त्यामुळे ते झोपवणं-उठवणं अगदी बिनबोभाट होतं. दुसरं म्हणजे माझं जुनं स्टीम खातं; स्टीम हे व्हॉल्व्हचंच पीसी गेमचं ऑनलाइन दुकान. स्टीमवर 2015 पासून किमती रुपयांत आहेत, यूपीआयने पैसे भरता येतात, आणि उन्हाळ्यातल्या नि डिसेंबरातल्या सेलमध्ये घेऊन ठेवलेले, कधी उघडायलाच न मिळालेले कितीतरी गेम त्या खात्यावर पडून होते. डेकवर लॉगिन केलं आणि ते सगळे यादीत हजर. नवीन कन्सोलसोबत पहिल्याच दिवशी गेमचा खर्च नाही, ही बाब हिशेबात धरा.

आता खरेदी. व्हॉल्व्ह कंपनी डेक भारतात विकत नाही. म्हणजे इथे मिळणारा प्रत्येक नग आयात केलेला, आणि कंपनीची वॉरंटी इथे चालत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ओएलईडी मॉडेल आलं तेव्हा 512 जीबीची अमेरिकेतली किंमत 549 डॉलर होती. इथे ड्यूटी आणि दुकानदाराचं मार्जिन धरून त्याहून बरेच जास्त मोजावे लागतात, आणि एका दुकानाचा भाव दुसऱ्याशी जुळत नाही. मी तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली, कॅम्पात फिरले, ऑनलाइन विक्रेत्यांशी बोलले. एका दुकानात सील तोडलेला बॉक्स पुढे करून "मॅडम, फक्त चेक करायला उघडलाय" असं सांगत नव्याचाच भाव लावला, तेव्हा मी तिथून निघाले. शेवटी ज्याच्याकडून घेतला त्याने पक्क्या बिलावर दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी लिहून खाली शिक्का मारून दिला. हा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तोंडी बोलीला पुढे कोणी विचारत नाही.

आणि डेक दुकानातच चालू करून घ्या. ओएलईडी मॉडेलचं पॉवरचं बटण नारिंगी असतं आणि स्क्रीन 7.4 इंची, जुनं एलसीडी मॉडेल 7 इंची, कडा जाड आणि बटण काळं. कोणी एक सांगून दुसरं देत असेल तर तिथेच कळतं. सेटिंग्जमध्ये कंट्रोलरची चाचणी आहे, त्यात दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडून द्या. ठिपका मध्यावर परत यायला हवा. अमेरिकेतून आलेल्या नगाच्या चार्जरची चपटी पिन असते, ती आपल्याकडच्या सगळ्या सॉकेटमध्ये नीट धरत नाही. त्यासाठी अडून बसायचं कारण नाही, 45 वॉटचा कुठलाही चांगला टाइप-सी पीडी चार्जर चालतो.

स्क्रीनचं रिझोल्यूशन 1280 बाय 800. आकडा ऐकून आमचा आठवीतला मुलगा म्हणाला, "आई, माझ्या मोबाईलचं याच्यापेक्षा जास्त आहे." त्याचं बरोबर आहे. पण पिक्सेल कमी म्हणून चिपवर ताण कमी आणि बॅटरीही पुरते, आणि एवढ्या आकारात चित्र भुरकट दिसत नाही. ओएलईडीचा खरा फरक काळ्या रंगात आहे. अंधारी गुहा दाखवली तर ती खरोखर काळी असते, राखाडी नव्हे, आणि तिच्यात मशालीचा केशरी उजेड डोळ्यांत भरतो. एक गोष्ट मात्र घेण्याआधी ठरवा. चमक मारणारी साधी काच 512 जीबीला आहे, अँटी-ग्लेअर काच फक्त 1 टीबीच्या मॉडेलला. माझं 512 चं आहे आणि खिडकीशी बसले की दिवसा अंधाऱ्या प्रसंगांत माझाच चेहरा दिसतो. म्हणून मी आतल्या बाजूची सीट धरते. रोज दिवसाउजेडी प्रवासात खेळणार असाल तर वरच्या मॉडेलचे पैसे वसूल होतील.

लोकलमध्ये खेळायची माझी पद्धत अशी: बॅग मांडीवर, दोन्ही कोपरं बॅगेवर, तारेचे इअरफोन. डेकला 3.5 मिमीचा जॅक आहे, त्यामुळे ब्लूटूथची भानगड नाही. सकाळी बहुतेक वेळा हेडीज. पाताळातून पळून जायचा गेम आहे, मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि एक फेरी अर्ध्या तासाच्या आसपासची. घोरावाडी गेलं की मला उठायला लागतं. एकदा नेमकी त्याच वेळी शेवटच्या झुंजीत होते. समोरच्याची ताकद निम्म्यावर आलेली, माझी तलवार उगारलेली. बटण दाबलं, डेक केसमध्ये टाकला, उतरले. दिवसभर ऑफिसात दोन मीटिंग, एक ऑडिट. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसून बटण दाबलं तर तो त्याच पवित्र्यात उभा आणि माझी तलवार तशीच वर. झोपलेल्या अवस्थेत दिवसभरात बॅटरी थोडीच उतरते, पण उतरते, हे ध्यानात असू द्या.

परतीला डोकं शिणलेलं असतं, तेव्हा स्टार्ड्यू व्हॅली. एकाच माणसाने एकट्याने बनवलेला 2016 चा गेम. गावात जाऊन आजोबांची शेती कसायची. शेजारी नेहमी बसणाऱ्या काकूंनी सुरुवातीला विचारलं होतं, "मुलाचं आणलंय का गं?" माझंच आहे म्हटल्यावर त्या रोज डोकावायला लागल्या. त्यांचं माहेर भोरकडचं, शेतीचं. परवा गेममध्ये पाऊस लागला तर त्यांनीच सांगितलं, "आज पाणी घालायला नको, जा आता नदीवर मासे धरायला." गेममध्ये खरंच तसंच आहे, पावसाच्या दिवशी पिकांना पाणी द्यावं लागत नाही. काकू आता माझ्या कोबीची चौकशी करतात.

बॅटरी 50 वॉट-अवरची. ती किती टिकेल हे सर्वस्वी गेमवर आहे. स्टार्ड्यूसारखा हलका गेम मला सहा तासांच्या वर पुरतो, मोठे थ्रीडी गेम दोन-तीन तासांत बॅटरी खाऊन टाकतात. उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाबलं की फ्रेमची (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची) मर्यादा आणि चिपला किती वॉट द्यायचे हे ठरवता येतं, 3 पासून 15 पर्यंत. जड गेमला मी 45 फ्रेमची मर्यादा लावते. स्क्रीन 90 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 90 वेळा ताजी होणारी, त्यामुळे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, हालचाल गुळगुळीत राहते आणि पंख्याचा आवाजही खाली येतो. प्रत्येक गेमची सेटिंग डेक वेगळी लक्षात ठेवतो. गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी लाईट गेली आणि मी घरून काम करत असले, तर जेवणाच्या सुट्टीत डेक असतोच. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोयही आता आली आहे. घरी प्लग लावून खेळणाऱ्यांनी ती चालू ठेवावी.

विंडोजसाठी बनलेले गेम लिनक्सवर कसे चालतात, हे बऱ्याच जणांनी विचारलं. व्हॉल्व्हने 2018 मध्ये प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणलं. ते गेमच्या डायरेक्टएक्सच्या, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या, सूचना खेळता खेळता लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत उतरवतं, आपल्याला काही करावं लागत नाही. स्टीमच्या दुकानात प्रत्येक गेमपुढे खूण असते: हिरवी म्हणजे बेधडक घ्या, पिवळी म्हणजे चालेल पण अक्षरं बारीक असतील किंवा कधी ऑनस्क्रीन कीबोर्ड लागेल. बारीक अक्षरांचा मला चाळिशीच्या उंबरठ्यावर खरा त्रास होतो. त्याला उपाय म्हणजे स्टीमचं बटण आणि एल1 एकदम दाबून धरणं, भिंग येतं. गेम चाललाच नाही तर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट यावर चालत नाहीत, त्यांचं अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, लिनक्सला आत घेत नाही. तुमच्या घरातल्या मुलांना तेच खेळायचं असेल तर डेक आणून उपयोग नाही.

या काही महिन्यांत मी संपवलेल्या गेमपैकी 'राजी' हा गेम मला फार जवळचा वाटला. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो बनवला. ऑगस्ट 2020 मध्ये आधी स्विचवर आला, ऑक्टोबरात पीसीवर. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. पहाडी चित्रशैलीची छाप असलेले रंग, राजस्थानी महालांच्या कमानी, आणि मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे मांडलेले. त्रिशूळ फिरवत खांबाला गिरकी घेऊन ती मारते ते पाहून मला मनापासून अभिमान वाटला. कॅमेरा काही जागी अडचणीचा आहे आणि गेम पाच-सहा तासांत संपतो, पण ओएलईडीवर तो पाहावाच. आपल्या गावात असं काम होतंय आणि ते आपल्याच लोकांना माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

आता न आवडलेलं. वजन 640 ग्रॅम आणि लांबी जवळजवळ 30 सेंटिमीटर. आडवं पडून वर धरलं तर मनगटं दहा मिनिटांत बोलायला लागतात. गर्दीत उभं राहून खेळणं विसरा. सोबतची केस चांगली भक्कम आहे, पण ती धरून डेक साध्या पर्समध्ये मावत नाही, मला सॅक घ्यावी लागली. मागच्या बाजूने हवा आत जाते आणि वरून गरम हवा बाहेर येते, म्हणून गादीवर, उशीवर ठेवून खेळू नका; एप्रिल-मेच्या दुपारी तर पंखा चांगलाच जाणवतो. आणि इथे अधिकृत दुरुस्ती नाही ही टांगती तलवार आहेच. मुलाला हातात देताना माझा जीव वर-खाली होतो, तरी देते. स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम वापरता येतात. त्याचं स्वतःचं खातं याच डेकवर काढलं आहे, माझे गेम तो खेळतो, त्याचं सेव्ह वेगळं, माझं वेगळं, आणि रोजची वेळ मी मोबाईलवरून ठरवून देते.

सुट्टीत भावाची मुलं आली की डेक टीव्हीला लावतो. त्यासाठी कंपनीचा डॉक, म्हणजे टीव्हीला जोडायचा स्टँड, लागत नाही, एचडीएमआय असलेला साधा टाइप-सी हब पुरतो. मी तपकीर गल्लीतूनच आणला. फक्त हबला चार्जिंगचं वेगळं टाइप-सी तोंड आहे का आणि ते 45 वॉट पुढे देतं का, हे दुकानातच डेक लावून बघा. आमच्याकडे दोन कंट्रोलर ब्लूटूथवर जोडलेले असतात, तिसऱ्यासाठी भांडण होतं, म्हणून पुढची खरेदी तीच.